चुटकीमास्तरांच्या घरच्या बातम्या

कुठल्याही अनोळखी खोलीत पाऊल टाकण्याआधी मास्तर दारात थांबायचे आणि उजव्या हाताची चुटकी वाजवायचे. एकच, कोरडी, खणखणीत. मग मान जराशी तिरकी करून ऐकायचे आणि खोलीची कुंडली मांडून मोकळे व्हायचे. "लांबट आहे. छत ठेंगणं. डाव्या हाताला काहीतरी मऊ रचलंय, गाद्याबिद्या असतील." आणि गाद्याच असायच्या. पहिल्यांदा बघणारा तोंडात बोटं घालायचा, दुसऱ्यांदा येताना घरच्या पाहुण्यांनाही घेऊन यायचा. मास्तरांना हे आवडत नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. ते चांगला भाव खायचे.

लहानपणी तापात डोळे गेले ते गेलेच. रडण्याचं काम आईने एकटीने उरकून टाकलं, आमच्या वाट्याला फारसं उरलंच नाही, असं ते स्वतःच सांगत. मोठेपणी एका इस्पितळाच्या टेलिफोनवर नोकरी केली आणि आयुष्यभर परक्यांची दुखणीखुपणी या कानाने घेऊन त्या वॉर्डात सोडली. आणि निवृत्त झाल्यावर, ज्या वयात लोक बागेतल्या बाकावर बसून जगाला नावं ठेवतात, त्या वयात त्यांना नवी नोकरी लागली. तीही ऐकण्याचीच.

इमारती बांधायला शिकवणारी एक मोठी संस्था होती. तिच्या आवारात एक गोदामासारखी शेड होती आणि त्या शेडमध्ये खोल्या होत्या, पण खऱ्या नव्हेत. भिंतींना चाकं लावलेली, छत दोरांवर टांगलेलं. सकाळी जिथे शाळेचा वर्ग असे तिथे दुपारी इस्पितळाची बोळकांडी उभी राही. माणसाला जागा कशी जाणवते, याचं संशोधन तिथे चाले. खोली ऐसपैस कधी वाटते, जीव कधी गुदमरतो, कुठे आवाज आपोआप खाली येतो, कुठे पाय उगाच रेंगाळतात. डोळस माणसं आणून बसवत, त्यांना विचारत. डोळस माणसांना फसवणं तर अगदी सोपं. भिंत पांढरी केली की त्यांना खोली वाढल्यासारखी वाटते, छत काळं केलं की डोक्यावर आल्यासारखं वाटतं, खोली मात्र तेवढीच. या संशोधनाच्या प्रमुख मॅडमना प्रश्न पडला की डोळे वगळले तर काय उरतं. म्हणून मास्तरांना बोलावणं आलं आणि मास्तर तिथलेच झाले. विद्यार्थी त्यांच्याकडे चुटकी शिकायला येत, म्हणून 'मास्तर' हे नाव पडलं. एरवी ते कुणाचे मास्तर नव्हते.

मॅडम तरुण होत्या, हुशार होत्या आणि लाघवी होत्या. संस्थेत सगळे त्यांना टरकून असत, पण मास्तरांना त्या 'काका' म्हणत आणि मास्तर त्यांना 'पोरी'. सुट्टीच्या दिवशी त्या मास्तरांच्या घरी येत, मास्तरीणबाईंच्या हातचं जेवत, स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहून त्यांच्याशी तासन्‌तास बोलत. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. तेव्हा ही आयती मिळालेली लेक त्यांना किती गोड वाटत असेल ते वेगळं सांगायला नको.

आता मास्तरीणबाईंविषयी. त्या डोळस. लग्न नवं असताना त्यांनी एकदा फरशी पुसायला घेतली आणि बादली वाटेत राहिली. मास्तर धाडकन पडले, कपाळ फुटलं. त्याची खूण भुवईवर शेवटपर्यंत राहिली. मास्तर कळवळले नाहीत, चिडलेही नाहीत. पण मास्तरीणबाई अशा काही रडल्या की शेवटी मास्तरांनाच त्यांची समजूत काढावी लागली. त्या दिवशी त्यांनी मास्तरांच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली की यापुढे या घरातली काडीसुद्धा तुम्हाला सांगितल्याशिवाय हलणार नाही.

त्या शपथेतून घरच्या बातम्या सुरू झाल्या. संध्याकाळी मास्तर बूट काढून आपल्या खुर्चीत बसले की मास्तरीणबाई चहाचा कप हातात देत, घसा खाकरत आणि रेडिओवरच्या बाईसारख्या सुरात सुरू करत. "घरच्या ठळक बातम्या. बादली न्हाणीघरात कोपऱ्यात. स्टूल स्वयंपाकघराच्या दारामागे गेलं आहे. तुमची छत्री खुंटीवरून उतरून कपाटात." मास्तर मध्येच विचारत, "हवामान?" त्या म्हणत, "फरशी ओली होती, आता सुकली." वर्षानुवर्षं हा खेळ चालला. दोघांचं भांडण झालं, तोंड फुगवून बसले, तरी बातम्या कधी चुकल्या नाहीत. तापाने फणफणल्या असतानाही त्यांनी पांघरुणातून बातम्या सांगितल्या होत्या.

म्हणूनच मास्तर घरात कधी चुटकी वाजवत नसत. एकदा मॅडमनी जेवताजेवता विचारलं, "काका, घरी पण चुटकी वाजवता का हो?"

"घरात? छे! घरात कशाला?" मास्तर हसले. "जिथं कानांना सुट्टी ते घर. मला माझं घर पाठ आहे."

"पण समजा काही बदललं तर?"

"अगं, नुसतं कपाट जरी हललं ना, तरी मला बसल्या जागी कळेल. लावतेस पैज?"

मॅडमनी हातातला घास संपवला. मग म्हणाल्या, "लावली." मास्तर हसले, मास्तरीणबाई हसल्या, आणि विषय तिथेच संपला असं मास्तरांना वाटलं. फुशारकी मारायला जागा निवडावी लागते. मास्तरांनी ती चुकीच्या ताटावर बसून मारली.

पुढच्या दिवसांत मास्तरांचं बरं चाललं होतं. घरच्या बातम्या तर पूर्वीपेक्षा लांबल्या होत्या. "आज शोकेस पुसलं. काचेवर किती धूळ बसली होती! कपाटाचं दार कुरकुरायला लागलंय, तेल घालायला हवं. सोफ्याची एक उशी उसवली आहे, पाहुणे यायच्या आत शिवते." मास्तर कौतुकाने ऐकत. संस्थेतल्या सुतारापाशी चहा पिताना त्यांनी फुशारकीही मारली, "आमच्या बातमीपत्राची पानं वाढली बरं का." हा सुतार म्हणजे भिंतींना चाकं लावणारा माणूस. भला गडी, रोज संध्याकाळी मास्तरांना घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडायचा. त्या दिवशी तो नुसताच चहात बिस्किट बुडवत राहिला.

एका संध्याकाळी मात्र मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या थबकले. "आज तुझा आवाज लांबून येतोय गं."

"मी स्वयंपाकघराच्या दारात आहे ना," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बरं," मास्तर म्हणाले आणि चहा प्यायले.

मग संस्थेत मोठा कार्यक्रम ठरला. बाहेरून नामांकित मंडळी येणार होती आणि मास्तरांचं प्रात्यक्षिक व्हायचं होतं. मास्तरांनी इस्त्रीचे कपडे घातले, दाढी दोनदा केली. मास्तरीणबाई काही येणार नव्हत्या. डोकं दुखतंय म्हणाल्या. सुतार मास्तरांना घ्यायला आला.

सभागृहात मास्तरांना मधोमध खुर्चीवर बसवलं आणि समोर स्पीकर ठेवला. मॅडम एकेका जागेचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवत आणि मास्तर ती जागा सांगत. पहिला जिना निघाला, दुसरं टाइल्सचं न्हाणीघर, तिसरं पुस्तकांनी भरलेलं ग्रंथालय. टाळ्यांवर टाळ्या. मास्तर रंगात आले होते.

"आणि हे शेवटचं, काका," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लपवलेलं हसू होतं. "हे खास तुमच्यासाठी."

स्पीकरमधून पावलं आली. चपलांची, सावकाश. मास्तरांनी मान तिरकी केली.

"मोठी खोली आहे," ते म्हणाले. "जवळजवळ रिकामी. भिंतींना जाड रजया टांगल्यात, आवाज घुमू नये म्हणून. म्हणजे कुणालातरी ती रिकामी आहे हे लपवायचंय." कुणीतरी कौतुकाने 'वा' म्हटलं. "एका बाजूला खुर्ची, बाजूला छोटं टेबल. बास. चालणारा पुरुष आहे, वय झालेलं. आणि गंमत बघा, एवढी खोली मोकळी पडलीय तरी हा शहाणा कडेकडेने एकाच रेषेत चालतोय. मधून जायला काय होतं याला? वेडाबिडा आहे की काय!"

सभागृह हसलं. जरा जास्तच हसलं. मास्तरही हसले.

मग स्पीकरमधला माणूस बसल्याचा आवाज आला आणि तो बोलला, "काचेच्या साबणाचा वास येतोय. शोकेस पुसलंस वाटतं?"

आवाज ओळखीचा होता, पण कुणाचा ते मास्तरांना कळेना. हजारो आवाज लक्षात ठेवलेला हा माणूस. स्वतःचा आवाज मात्र त्याने बाहेरून कधी ऐकला नव्हता. मग एक बाई बोलली.

"घरच्या ठळक बातम्या. शोकेस सकाळीच पुसलं. कपाटाच्या दाराला तेल घातलं, आता कुरकुरत नाही."

तेव्हा कळलं.

मॅडम श्रोत्यांना समजावून सांगत होत्या. काकांनी स्वतःच पैज लावली होती, नाही का काका? काका संस्थेत आले की दुपारी एकेक वस्तू घरातून निघत होती. आधी कपाट गेलं, त्याच्या जागी सुताराने प्लायवुड उभं केलं, म्हणजे आवाज तसाच परतावा. मग सोफा गेला, तिथे फोम. मग तेही एकेक करून काढलं. शेवटी काकांची खुर्ची, टेबल आणि त्यांची जायची-यायची वाट एवढंच उरलं आणि काकांना पत्ताही लागला नाही. अनोळखी खोलीतली टाचणी ज्यांना ऐकू येते, त्यांना! "ज्या घरावर माणसाचा विश्वास असतो," मॅडम म्हणाल्या, "ते घर तो अनुभवतच नाही. ते त्याला फक्त आठवत असतं. आणि हे ज्यांच्यामुळे शक्य झालं त्या काकूही आज आल्या आहेत."

पहिल्या रांगेतून मास्तरीणबाईंचा घसा खाकरल्याचा आवाज आला. टाळ्या पडल्या.

डोळ्यांत धूळ फेकायला माणसाला डोळे लागतात. मास्तरांच्या बाबतीत ती सोय नव्हती, म्हणून या सगळ्यांनी मिळून दुसरी वाट काढली. ती वाट त्यांच्या बायकोच्या तोंडून जात होती.

मास्तर उठून उभे राहिले. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवलेलं होतं, काढायचं लक्षात राहिलं नव्हतं. "पोरी, मी पैज हरलो," ते म्हणाले आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. काय मोठ्या मनाचा माणूस, असंही कुणीतरी म्हणालं. मास्तरांचा हात खुर्चीच्या बाजूला काठी चाचपडत होता. काठी तिथेच होती, पण ती सापडायला त्यांना वेळ लागला.

बाहेरच्या बोळात सुताराची गाठ पडली. "मास्तर," तो म्हणाला, "आईशप्पथ, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. वहिनी स्वतः दार उघडून देत होत्या, हे इकडे ठेवा, ते तिकडे न्या म्हणत होत्या. म्हटलं, ज्या अर्थी वहिनी..."

"ज्या अर्थी वहिनी," मास्तर म्हणाले. "मीपण तेच म्हणत होतो."

मॅडम धावत आल्या. त्यांना वाटलं होतं काका खूश होतील. काका, तुमचं नाव सगळीकडे जाईल. काका, असं काम आजवर कुणी केलेलं नाही. काका, तुम्हाला आधी सांगितलं असतं तर त्याला काही अर्थच उरला नसता, तुम्हीच सांगा. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, माझी टॅक्सी आली का?"

'पोरी' म्हणाले नाहीत. मॅडमच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. त्या टॅक्सी बघायला गेल्या.

नवराबायको एकाच टॅक्सीने घरी आले. मास्तरीणबाईंनी कुलूप उघडलं, आत गेल्या, दिवा लावला. दिव्याचा उपयोग त्यांना एकटीलाच, पण मास्तर घरात येताना त्या तो नेहमी लावत. मास्तर दारातच उभे राहिले.

"आत या ना."

"का केलंस?"

"तुमचं नाव होईल म्हणाली ती. गंमत म्हणाली. दोन दिवसांत ओळखतील म्हणाली." मास्तरीणबाईंचा आवाज बारीक झाला. "तुम्ही ओळखलंच नाहीत. मग मला थांबवता येईना. आता सांगितलं तर तुम्हाला किती लागेल, म्हणून आणखी एक दिवस, आणखी एक दिवस..."

"खरं सांग."

मास्तरीणबाईंचा आवाज आता बारीक राहिला नव्हता.

"खरं सांगू? कपाट गेलं ना, त्या दुपारी मी त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले. नुसती उभी राहिले. मला इतकं बरं वाटलं! लग्न झाल्यापासून मी या घरात उशीसुद्धा न सांगता हलवलेली नाही. शेजारणी बसल्या बसल्या सोफा इकडचा तिकडे करतात, मी वाटी ठेवली तरी मनात बातमी तयार करते. अख्खं कपाट गेलं आणि कुणाला जाब द्यावा लागला नाही."

मास्तरांना हे नवीन होतं. बातम्या हा दोघांचा खेळ आहे, असंच ते आजवर समजत आले होते.

"मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"काय सांगायचं होतं? सांगण्याचा कंटाळा आला, हे?"

चूक आपली असेल, नसेल. ते हिशेब नंतर करता आले असते. पण आत जे जळत होतं ते वेगळंच होतं, आणि ते बाहेर आल्याशिवाय राहिना.

"कपाट नेलंस त्याचं काही नाही गं. उद्या म्हणाली असतीस मला मोकळं घर हवं, तर मी खुर्चीसुद्धा देऊन टाकली असती. पण तू रोज संध्याकाळी माझ्या हातात चहा दिलास आणि नसलेल्या काचेवरची धूळ पुसल्याचं सांगितलंस. नसलेल्या दाराला तेल घातलंस. मी तुला म्हटलं होतं, आवाज लांबून येतोय. माझे कान मला सांगत होते. मी कानांचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं."

मास्तरीणबाई रडत होत्या. एरवी त्या रडल्या की मास्तर समजूत काढत. आज त्यांनी फक्त विचारलं, "तो वास कुठून आणलास?"

"कुठला?"

"काचेच्या साबणाचा."

"फडक्यावर ओतत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही यायच्या आधी. खुर्चीच्या मागे ठेवत होते."

मास्तरांनी मान हलवली. हे मॅडमना सुचलेलं नव्हतं, हे त्यांना बरोबर कळलं. मॅडमना फक्त आवाजाचं कळत होतं. मास्तरांना वासाने घराची खात्री पटते, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

जिन्यावर कुणाचीतरी पावलं वर गेली, वरच्या मजल्यावर दार लागलं. मास्तरीणबाईंनी नाक पुसलं. "आता सगळं जागच्या जागी आहे," त्या म्हणाल्या. "कपाट, सोफा, शोकेस. तुमच्या गळ्याची शपथ. या, बसा. चहा टाकते." आणि थोडं थांबून, भीत भीत, "बातम्या सांगू?"

मास्तर दारातून हलले नाहीत. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात वर केला आणि आपल्या घरात चुटकी वाजवली.

मान तिरकी करून त्यांनी ऐकलं. कपाट होतं. सोफा होता. शोकेसची काच होती. बाई खरं बोलत होती.

मग त्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं आणि आणखी एक चुटकी वाजवली.